पस्तिशीनंतरची पदवी : एक उलटा हिशेब

'पदवीनंतर काय?' या विषयावर आपल्या महाविद्यालयात दरवर्षी एखादे तरी व्याख्यान होते. पाहुणे वक्ते बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात : "तुम्हांला आयुष्यात काय व्हायचे आहे?" अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. त्यांच्यापुढे वेळ आहे, एखादा रस्ता चुकला तर माघारी येऊन दुसरा धरण्याची सोय आहे. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत आम्हीही चार-सहा जण बसलेले असतो. आमच्यापैकी कुणाच्या केसांत पांढरी बट आहे, कुणाचा मुलगा याच महाविद्यालयात कनिष्ठ विभागात आहे. आम्हांला तो प्रश्न लागू पडत नाही. आम्हांला जे व्हायचे होते त्यातले बरेचसे होऊन गेले आहे. आमचा प्रश्न निराळा असतो, आणि त्याचे उत्तर कुणी फळ्यावर लिहून देत नाही. म्हणून प्रस्तुत लेखाचा खटाटोप.

मी बारावी झाले २००७ साली. लग्न, शेती, दोन मुले आणि सासूबाईंचे आजारपण यांत सोळा वर्षे गेली. २०२३ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी बी.ए.च्या प्रथम वर्षाला नाव घातले आणि आज शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीने मोठ्या आपुलकीने विचारले होते, "काकू, आता कायले शिकता?" प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. त्याचे खरे उत्तर शोधताना मला जे कळत गेले ते इथे मांडते.

उशिरा शिकणे ही काही आजची टूम नव्हे. महर्षी अण्णासाहेब कर्वे मॅट्रिक झाले तेव्हा त्यांची विशी उलटून गेली होती. त्यांच्या आश्रमात शिकून पुढे त्याच संस्थेच्या कामाला वाहून घेणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. अलीकडचे उदाहरण म्हणजे पाटण्याचे राजकुमार वैश्य. त्यांनी २०१५ साली नालंदा मुक्त विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि २०१७ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती पदवी मिळवली! वैश्यांचे कौतुक वाटते, परंतु त्यांचे उदाहरण आमच्या कामाचे नाही. त्यांना त्या पदवीवर चूल पेटवायची नव्हती. आमच्या जास्त कामाचे उदाहरण केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली सुरू केलेल्या एका योजनेचे आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी थोड्या मुदतीत शालेय परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग या योजनेतून चालत. त्यामागचा विचार मला फार आवडतो. खेड्यापाड्यांत परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका हव्या आहेत, आणि त्या होऊ शकतील अशा स्त्रिया घरी आहेत, फक्त त्यांच्याजवळ परीक्षेचा कागद नाही, तेव्हा तेवढा कागद त्यांना मिळवून देऊ या, असा तो विचार. म्हणजे आधी काम दिसत होते आणि शिक्षण त्या कामाच्या मापाने शिवले जात होते.

आमच्यासारख्यांनी नेमके हेच करायला हवे असे माझे मत झाले आहे. तरुण विद्यार्थी पदवीपासून पुढे मोजतो. आम्ही शेवटाकडून मागे मोजले पाहिजे. कोणते दार कोणत्या वयाला बंद होते, त्या दाराशी कोणता कागद मागतात, तो मिळवायला किती वर्षे लागतात, हे प्रथम वर्षाच्या प्रवेशाआधी मांडून पाहिले पाहिजे. पदवी हातात आल्यावर हा हिशेब करणाऱ्याला बरीच दारे बंद झालेली आढळतात.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. बँकांच्या लिपिक परीक्षेची सर्वसाधारण वयोमर्यादा २८ आहे, अधिकारी परीक्षेची ३०. पोलीस शिपाई भरती खुल्या प्रवर्गाला २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा सर्वसाधारण गटाला ३२ पर्यंत, इतर मागासवर्गीयांना ३५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत. म्हणजे चौतिसाव्या वर्षी प्रवेश घेताना यांतली बहुतेक दारे आम्हांला आधीच बंद असतात. त्यांच्या जाहिराती वाचत बसण्यात अर्थ नाही.

राहता राहिले राज्य शासन. २०१६ साली शासनाने नोकरीप्रवेशाची कमाल वयोमर्यादा वाढवून खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ केली. आमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना राज्यसेवा, तलाठी, लिपिक ही नावे अजून घेता येतात ती या निर्णयामुळेच. मी खुल्या प्रवर्गातली. २०२६ च्या उन्हाळ्यात माझी पदवी होईल तेव्हा मला ३७ पूर्ण होतील. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येते. ते धरूनही माझ्या वाट्याला फार तर दोन संधी येतात. आमच्या खोल्यांतून पाच-पाच, सहा-सहा वर्षे अभ्यासिकेत घालवणारी मुले मी पाहते. त्यांच्याशी दोन संधींच्या बळावर स्पर्धा लावणे हा जुगार आहे. ज्याला करायचा त्याने तो डोळे उघडे ठेवून करावा. माझ्याच वयाच्या मागासवर्गीय मैत्रिणीला मात्र हाच हिशेब पाच वर्षांनी मोकळा आहे, आणि तिने तो जरूर मांडावा. फक्त जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निवड होण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावा.

वयाच्या अटीत कधीकधी सूट मिळते, हेही खरे. करोनामुळे हुकलेल्या भरत्या लक्षात घेऊन शासनाने २०२३ च्या अखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी दोन वर्षांची सूट दिली होती. परंतु अशी सूट म्हणजे अवकाळी पाऊस. तो पडेल म्हणून कुणी पेरणी करीत नाही.

बी.ए. झाल्यावर बी.एड. करावे, हा सल्ला बायकांना सर्वांत जास्त वेळा मिळतो. मलाही घरातून, माहेराहून, एवढेच नव्हे तर एस.टी.तल्या अनोळखी बाईकडूनही तो मिळाला. त्याचा हिशेब असा. बी.एड. सध्या दोन वर्षांचे आहे. त्याच्या प्रवेशाला वयाची अट नाही, पण पदवीला खुल्या प्रवर्गात किमान पन्नास टक्के गुण लागतात. प्रवेश परीक्षा वेगळी, आणि शासकीय वा अनुदानित नोकरी हवी तर त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा. चौतिसाव्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेली बाई सदतिसाव्या वर्षी पदवीधर आणि एकोणचाळिसाव्या वर्षी बी.एड. होते. तोवर खुल्या प्रवर्गाची अडतीसची रेषा मागे पडलेली असते! बी.एड. वाया जाते असे मी म्हणत नाही. विनाअनुदानित शाळा आहेत, शिकवण्या आहेत. परंतु तिथला पगार किती असतो ते आधी विचारून घ्यावे, आणि मग दोन वर्षांची फी भरावी. हीच बाई तिसाव्या वर्षी परत आली असती तर उत्तर संपूर्ण बदलले असते. म्हणून हा सल्ला सगळ्यांना सरसकट देऊ नये, एवढीच विनंती.

एम.ए. करून प्राध्यापक होण्याविषयीही विचारणा होते. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. मर्यादा आहे ती संशोधन शिष्यवृत्तीला. तेव्हा दार उघडे आहे खरे. दाराच्या आत जागा किती आहे, याविषयी मी काही लिहीत नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे आमचेच गुरुजन हा अंक वाचणार आहेत आणि त्यांना ते माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे.

दुसरी एक बाजू मला फार उशिरा उमगलेली इतरांत दिसते. काही कामांना पदवी मुळीच लागत नाही. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते आणि वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ४० आहे. तिथे बी.ए.चे गुण कुणी पाहत नाही. पोलीस पाटील होण्यासाठी दहावी पुरते आणि वय २५ ते ४५ चालते. स्वतःचा उद्योग काढायचा तर २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारणपणे १८ ते ४५ वयाचे अर्ज करू शकतात, आणि शिक्षणाची अट लागते तीदेखील सातवीची वा दहावीची, तीही मोठ्या प्रकल्पांना. डाळ मिल काढण्याची ज्याची मनापासून इच्छा आहे त्याने तीन वर्षे मराठी वाङ्मयाचा इतिहास पाठ करण्याऐवजी सरळ जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी. वाङ्मय पुढे हवे तेव्हा वाचता येते. मराठीचे सर मला क्षमा करतील अशी आशा आहे.

याउलट काही जणांना पदवीचा फायदा थेट आणि लगेच होतो. जे आधीच कुठे तरी कामाला आहेत त्यांना. आमच्या वर्गात मानोरा तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका आहे. दुपारी केंद्र आटोपून ती येते. पर्यवेक्षिकेची, म्हणजे आपण जिला मुख्यसेविका म्हणतो तिची, निम्मी पदे पाच वर्षांचा अनुभव असलेल्या सेविकांतून बढतीने भरावीत असे केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मुख्यसेविकेला पदवी लागते. तिच्याजवळ अनुभव बारा वर्षांचा आहे, कमी होती ती पदवी. तिला 'काय व्हायचे आहे' हे कुणी विचारण्याची गरज नाही. प्रत्येक सत्र तिच्यासाठी पगाराच्या पायरीसारखे आहे. दुसरे आमचे वर्गबंधू माजी सैनिक आहेत. त्यांची वयाची मोजणी तर आम्हा सर्वांपेक्षा वेगळी, कारण सैन्यातल्या सेवेचा काळ वयोमर्यादेत सवलत म्हणून धरला जातो, आणि त्यांच्यासाठी राज्याच्या नोकऱ्यांत राखीव जागाही आहेत. वर्गात ते सर्वांत वडील असूनही भरतीच्या दृष्टीने माझ्यापेक्षा तरुण आहेत, याची आम्ही थट्टा करतो.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले आणि त्यांत वाशिम होता. मोठे कारखाने नाहीत. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, बाजार समित्या, पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या, एवढ्यात आमच्या उपजीविकेचे क्षेत्र संपते. पुण्या-मुंबईच्या बाईला चाळिशीत एखाद्या कंपनीत नव्याने सुरुवात करता येत असेल. इथे तसे नाही. मात्र जिल्हा झाल्यामुळे एक गोष्ट घडली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि न्यायालय जवळ आले, आणि त्याबरोबर कागदपत्रांचे कामही जवळ आले. माझा स्वतःचा निर्णय इथूनच झाला.

गेली दहा-बारा वर्षे घरच्या शेताचा फेरफार, वारस नोंद, मोजणी यांच्या फेऱ्या मीच घालते. यजमानांना कचेरीत जायचा कंटाळा. त्या फेऱ्यांत मला सातबारा वाचता येऊ लागला, हरकतीची मुदत कळू लागली, अर्ज लिहिता येऊ लागला. मग शेजारणी येऊ लागल्या. विधवा सुनेचे नाव सातबाऱ्यावर लावायचे आहे, नवऱ्याने सोडले आहे, भावाने हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला आहे. मी त्यांचे अर्ज लिहून देते. या कामाची पदवी म्हणजे कायद्याची पदवी. पदवीनंतरचा एल.एल.बी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. वकिलीच्या सनदेला निवृत्तीचे वय नाही. प्रवेशाला वयाची मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला होता, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात तो अडला. मी २०२९ साली चाळीस वर्षांची असेन. नोकरीच्या बाजारात चाळीस म्हणजे म्हातारपण, पण वकिलीत ती सुरुवात ठरू शकते. शिवाय पक्षकार बायका पोरसवदा वकिलापुढे जे बोलत नाहीत ते माझ्यापुढे बोलतात, हे मी आजच अनुभवते. आमच्या वयाच्या विद्यार्थ्यांजवळ असे काही तरी भांडवल असतेच. कुणाला बचत गटाचे हिशेब येतात, कुणाला दवाखान्याची माहिती असते, कुणाला बाजार समितीतली मापे-भाव तोंडपाठ असतात. ते ओळखून त्याला लागून असलेली पदवी निवडली तर वय आड येत नाही, उलट उपयोगी पडते.

अर्थात हा रस्ता सोपा नाही. कायद्याचे शिक्षण पत्रद्वारे घेतलेले वकील परिषद मानत नाही. हजेरी लागते, तीही सत्तर टक्के. महाविद्यालय अकोल्याला किंवा अमरावतीला गाठायचे. सनदेनंतर अखिल भारतीय परीक्षा आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारीची दोन-तीन वर्षे, जिच्यात मिळकत जवळजवळ शून्य. हे सगळे हिशेबात धरले पाहिजे.

कागदांबद्दल दोन शब्द. बायकांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण नावाची असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव, आधार कार्डावर नवऱ्याचे. प्रवेशापुरते कसेबसे भागते, पण निवडीच्या वेळी कागद तपासताना हेच नडते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी, यांतले जे लागेल ते प्रथम वर्षालाच करून घ्यावे. शिक्षणातल्या खंडाचे शपथपत्र, जुना शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर, यांची एक पिशवी मी करून ठेवली आहे. ती घरात धान्याच्या कोठीवर असते, म्हणजे उंदरांपासून नव्हे तरी मुलांपासून सुरक्षित! २०२४ साली राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींच्या शुल्कमाफीचा निर्णय घेतला, तो आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींसाठी आहे. आपण त्यात बसतो का, खंडामुळे काही अट आड येते का, हे ऐकीव माहितीवर न सोडता कार्यालयात लेखी विचारावे.

वेळेचे गणित सर्वांत कठीण. प्रवेशाची गर्दी जूनमध्ये, पेरणीही जूनमध्ये. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा जवळ येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी सुरू असते. माझ्या तिसऱ्या सत्राचा अर्धा अभ्यास मळणीयंत्राच्या आवाजात झाला आहे. ज्यांना नियमित हजेरी शक्यच नाही त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथली पदवी कमी दर्जाची असा एक समज आपल्याकडे अजून आहे, तो निराधार आहे. ज्याला शाळाच पुरी करता आली नाही त्याच्यासाठी तिथे पूर्वतयारीचा मार्ग ठेवला गेला. मात्र काही भरत्यांच्या जाहिरातींत बारावीचा उल्लेख वेगळा असतो, तो वाचून मगच त्या मार्गाने जावे. २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची परवानगीही विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे. ही सोय तरुणांसाठी ठीक, आमच्यापैकी कुणी त्या मोहात पडू नये.

नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे आपल्याकडे २०२४-२५ पासून, प्रथम वर्षाला आलेल्यांना एक वेगळा आधार मिळाला आहे. एका वर्षानंतर थांबावे लागले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळवलेली श्रेयांके श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहतात. घरात आजारपण आले, दुष्काळ पडला म्हणून वर्ष सोडावे लागणाऱ्यांना याचा फायदा आमच्या पिढीपेक्षा नंतरच्यांना अधिक होईल. पण सात वर्षे जरी श्रेयांके टिकली तरी वयोमर्यादेचे घड्याळ त्या सात वर्षांत थांबत नाही, हे लक्षात असू द्यावे.

माझ्या वहीत या हिशेबाची एक ओळ अजून रिकामी आहे. मुलगी सध्या दहावीला आहे. २०२८ साली ती बारावी होईल तेव्हा मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असेन. पाच एकर सोयाबीनवर दोघींच्या फी भरायच्या आहेत. तिला बाहेर पाठवण्याची वेळ आली तर पहिली फी तिची, असे यजमानांचे म्हणणे आहे आणि माझेही. तसे झाले तर माझे वर्ष पुढे जाईल आणि मी एक्केचाळीसची होईन. सनदेला त्याने फरक पडत नाही. म्हणूनही मी हे दार निवडले.